मॅथ्यू लायन पुस्तिका : कामाच्या नोंदी

२ जून २०२४

आजपासून काम सुरू. वाचनालयाच्या पुस्तिकामालेत मला दोन फॉर्म मिळाले आहेत, म्हणजे ३२ पाने. विषय मीच मागून घेतला: मॅथ्यू लायन, अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सुरुवातीच्या काळातला सदस्य. आधी व्हरमाँटमधून, मग केंटकीतून निवडून आलेला.

जिल्हा न्यायालयात भाषांतरकार म्हणून माझी सगळी नोकरी गेली. तिथे एक सवय हाडात मुरली: माणूस काय बोलला आणि कागदावर काय उतरले, यांत फरक पडला की त्याची किंमत माणूसच मोजतो. लायनचा खटला पहिल्यांदा वाचला तेव्हा ही सवय जागी झाली. त्याच्यावरची माहिती शोधू लागले तर जिथे तिथे एकच ओळ सापडते: हा सभागृहात दुसऱ्या सदस्याच्या तोंडावर थुंकला. एवढ्यावर त्याचे आयुष्य गुंडाळून ठेवले आहे. पण हाच माणूस एका पत्रासाठी तुरुंगात गेला आणि तुरुंगात असतानाच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिले. माझ्या पुस्तिकेत थुंकणे येईल, पण वाचकाने पुस्तिका मिटताना पत्र आठवावे अशी माझी इच्छा आहे.

एक सूचना पहिल्याच पानावर छापायची. यात काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद. आणि लायनचा रिपब्लिकन पक्ष म्हणजे जेफरसनचा पक्ष, आजचा त्या नावाचा पक्ष नव्हे.

५ जून

पहिले प्रकरण एका शब्दावर अडले.

काँग्रेसच्या चरित्रकोशात जन्म १४ जुलै १७४९, डब्लिनजवळ, आयर्लंडमधल्या विक्लो परगण्यात. डब्लिनला शाळा, मग छापखान्यात उमेदवारी. १७६५ मध्ये तो अमेरिकेला निघाला. बोटीचे भाडे भरायला पैसे नव्हते. अशा प्रवाशाला कप्तान फुकट आणी आणि बंदरावर त्याचा करार विकी; घेणारा भाड्याची रक्कम भरी आणि प्रवासी त्याच्याकडे ठरलेली वर्षे राबून ती फेडी. लायनचा करार कनेटिकटमधल्या वुडबरीच्या एका व्यापाऱ्याने घेतला. पुढे त्याने तो दुसऱ्याला दिला, तो एका बैलजोडीच्या बदल्यात. लायनने हे कधी लपवले नाही. ‘ज्या बैलांनी मला सोडवलं त्यांची शपथ,’ असे तो म्हणे, आणि त्याचे विरोधक हीच शपथ त्याच्या तोंडावर फेकत.

आता अशा माणसाला मराठीत काय म्हणायचे? ‘सालगडी’ आधी सुचला. पण सालगड्याला मालक दुसऱ्याला विकू शकत नाही. ‘वेठबिगार’ म्हणावे तर वेठीला ना कागद असतो ना मुदत. ‘गिरमिटिया’ फार जवळचा, त्यात करार आहे, समुद्र आहे, मुदत आहे. पण तो शब्द एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या माणसांचा आहे, त्यांच्या दुःखाला तो चिकटलेला आहे, तिथून उचलून मला तो दुसरीकडे लावायचा नाही. शेवटी ‘करारबंद नोकर’ ठेवला. कोरडा आहे, पण खोटा नाही. बैलजोडी सोबत आहेच, ती मराठी वाचकाला जे सांगायचे ते सांगेल.

९ जून

व्हरमाँट. हे प्रकरण मी भराभर लिहून काढले, कारण इथे लायन नुसता कामच करताना दिसतो आणि कामाची यादी लांबवून उपयोग नाही.

करार संपल्यावर १७७४ मध्ये तो उत्तरेला वॉलिंगफर्डला गेला. त्या डोंगराळ मुलखावर न्यूयॉर्क आणि न्यू हॅम्पशायर दोघेही हक्क सांगत होते. एकाने दिलेल्या सनदा दुसरा मानत नव्हता, आणि मधल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या टोळ्या उभ्या केल्या. ग्रीन माउंटन बॉइज म्हणतात ते हेच. लायन त्यांच्यात होता. १७७७ मध्ये व्हरमाँटने स्वतःला स्वतंत्र जाहीर केले आणि १७९१ मध्ये ते चौदावे राज्य म्हणून संघात आले.

स्वातंत्र्ययुद्धातला, १७७६ चा एक प्रसंग मात्र सविस्तर हवा, कारण पुढे तोच त्याच्या मागे लागतो. जेरिको नावाच्या सरहद्दीवरच्या ठाण्यावर त्याची तुकडी होती. शत्रू समोर, मदत दूर. सैनिकांनी थांबायला नकार दिला आणि ते निघाले. अधिकाऱ्यांवर लष्करी खटला झाला आणि लायन बडतर्फ झाला. नंतर तो सैन्यात परत घेतला गेला, पण बडतर्फीच्या वेळी भित्रेपणाची खूण म्हणून त्याला लाकडी तलवार बांधायला लावली अशी वदंता पसरली. ती त्याने नेहमी नाकारली.

१७८३ मध्ये त्याने फेअर हेवन हे गाव वसवले. तिथे लोखंडाची भट्टी, पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या आणि कागदाचा कारखाना त्याने उभा केला. कागदासाठी लागणाऱ्या चिंध्या मिळेनात तेव्हा बासवूड झाडाच्या सालीपासून कागद करून पाहिला. १७९३ मध्ये छापखाना टाकला आणि वृत्तपत्र काढले. डब्लिनला उमेदवारीत शिकलेली विद्या अशी तीस वर्षांनी हाताशी आली. दुसरी पत्नी ब्यूला ही व्हरमाँटचे पहिले गव्हर्नर थॉमस चिटेंडन यांची मुलगी. काँग्रेससाठी तो अनेकदा पडला आणि शेवटी निवडून येऊन मार्च १७९७ पासून सदस्य झाला.

१० जून

एक छोटा प्रसंग काल राहिला होता, आज जोडला. १७९७ मध्ये तो नवा सदस्य. राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाला सभागृह उत्तर देई आणि मग सगळे सदस्य मिरवणुकीने अध्यक्षांच्या घरी जाऊन ते वाचून दाखवत. लायनने उभे राहून मला यातून वगळा अशी विनंती केली. लोकांनी निवडलेल्या माणसाने दुसऱ्या निवडलेल्या माणसाच्या दारी असे दरबारी थाटात जावे, हे त्याला पटत नव्हते. लोक हसले. ‘डामडौल’ या शब्दाशी त्याचे भांडण इथे सुरू होते.

१३ जून

थुंकण्याचा प्रसंग. पावणेदोन पाने दिली, त्यापुढे एक ओळ नाही.

३० जानेवारी १७९८, फिलाडेल्फिया, काँग्रेस हॉल. सेनेटर विल्यम ब्लाउंटच्या महाभियोगासाठी सभागृहाचे प्रतिनिधी निवडायचे होते, मतमोजणी चालू होती, सदस्य उठून गप्पा मारत होते. लायन सभापती जोनाथन डेटन यांच्याशी बोलत होता, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. कनेटिकटचे प्रतिनिधी आपल्याच दहांतल्या नऊ मतदारांच्या हिताविरुद्ध वागतात, मी तिथे जाऊन सहा महिने वृत्तपत्र चालवले तर लोकांचे डोळे उघडीन, असे त्याचे म्हणणे. कनेटिकटचे रॉजर ग्रिसवोल्ड जवळच होते. त्यांनी विचारले, लाकडी तलवार घेऊन लढणार का? लायनने लक्ष दिले नाही. ग्रिसवोल्डने जवळ येऊन त्याच्या दंडाला हात लावून तेच पुन्हा म्हटले. लायन त्यांच्या तोंडावर थुंकला.

त्याला काढून टाकण्याचा ठराव आला. १२ फेब्रुवारीला ५२ विरुद्ध ४४. बहुमत झाले, दोन-तृतीयांश झाले नाही. तीन दिवसांनी ग्रिसवोल्ड हिकरीची जाड काठी घेऊन आले आणि जागेवर बसलेल्या लायनला मारू लागले. लायन धडपडत शेकोटीपर्यंत गेला आणि तिथला चिमटा घेऊन उलटला. सदस्यांनी दोघांना पाय धरून ओढून वेगळे केले. त्याचे व्यंगचित्र तेव्हाच छापले गेले आणि आजही तेच सगळीकडे दिसते.

लायन चुकला होता. मी पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले आहे. पण बडतर्फीची जखम कोणत्या हाताने आणि का उकरली गेली, तेही त्याच परिच्छेदात आहे.

१४ जून

आमच्या न्यायालयातले जुने शिरस्तेदार कच्चा मजकूर वाचतात. आज त्यांचा फोन आला. “ताई, तुमच्या ठरावाचे आकडे दोन ठिकाणी वेगळे आहेत.” पाहिले तर खरेच. काढून टाकण्याचे ठराव दोन, आणि मी त्यांचा एकच करून टाकला होता. पहिला १७९८ चा, थुंकण्याबद्दल, ५२–४४. एकूण मते ९६, लागत होती ६४. दुसरा २२ फेब्रुवारी १७९९ चा, शिक्षा झाल्याबद्दल, ४९–४५. एकूण ९४, लागत होती ६३. दोन्ही वेळा बहुमत त्याच्या विरुद्ध, दोन्ही वेळा तो राहिला. दुरुस्ती केली. दुसऱ्या ठरावाला आता स्वतंत्र परिच्छेद.

१८ जून

कायद्याचे प्रकरण, आणि पुन्हा शब्द.

१७९८ मध्ये फ्रान्सशी युद्ध होणार असे वारे होते. जॉन अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष, दोन्ही सभागृहांत त्यांच्या फेडरलिस्ट पक्षाचे वर्चस्व. १० जुलैला प्रतिनिधिगृहाने ४४ विरुद्ध ४१ मतांनी सेडिशनचा कायदा मंजूर केला, १४ जुलैला अ‍ॅडम्स यांची सही झाली. सरकार, काँग्रेसची दोन्ही सभागृहे किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे, बदनामीकारक आणि द्वेषबुद्धीने केलेले लिखाण छापणाऱ्याला दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. संरक्षित पदांच्या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नाही. तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते विरोधी पक्षाचे थॉमस जेफरसन. आणि कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे अ‍ॅडम्स यांची कारकीर्द संपेपर्यंतच. या दोन गोष्टी मी वाचकासमोर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

न्यायासाठी हेही लिहिले की या कायद्यात आरोपीला आपले लिखाण खरे आहे असे सिद्ध करण्याची मुभा होती आणि निवाडा ज्युरीच्या हाती होता. इंग्लंडच्या जुन्या प्रथेपेक्षा ही सुधारणा होती. पण ‘डामडौल हास्यास्पद आहे’ हे साक्षीपुराव्याने खरे कसे ठरवणार? मत सिद्ध करता येत नाही. सगळा खटला या एका फटीत अडकला.

शिरस्तेदार म्हणतात, सरळ ‘राजद्रोह’ लिहा, आपल्याकडे तोच शब्द रूढ आहे. मला तो टोचतो. तिथे राजा नव्हता. राजाला झुगारूनच ते राज्य उभे राहिले होते. आणि ‘देशद्रोह’ तर त्याहून चुकीचा. लायनने देशाविरुद्ध काही केले असे फिर्यादीनेही म्हटले नव्हते. कायद्याचे नाव ‘सेडिशन कायदा’ असे देवनागरीत ठेवते आणि गुन्ह्यासाठी ‘शासननिंदा’ वापरते. ते म्हणाले, “शब्द नवा वाटतो.” नवा आहे. पण कलमात जे लिहिले आहे तेवढेच तो सांगतो, त्यात भर घालत नाही.

२० जून

आज मुद्दाम पत्र भाषांतराला घेतले, कारण लायनने ते २० जूनलाच लिहिले. फिलाडेल्फियाहून, व्हरमाँटच्या एका वृत्तपत्राने केलेल्या टीकेला उत्तर म्हणून. ३१ जुलैला ते छापून आले. पत्र लिहिले तेव्हा कायदा नव्हता, छापले गेले तेव्हा होता. आधीच्या मसुद्यात मी ‘कायदा मोडून पत्र लिहिले’ असे लिहून गेले होते, ते काढले.

आरोपपत्रात उचललेले वाक्य असे उतरते:

‘लोकहिताचा प्रत्येक विचार सत्तेच्या अखंड हव्यासात, हास्यास्पद डामडौलाच्या, मूर्ख खुशामतीच्या आणि स्वार्थी लोभाच्या अमर्याद तहानेत गिळला गेलेला.’

एवढेच वाचले तर वाटते, हा सरळ आरोप आहे. पण मूळ पत्रात हे वाक्य एकटे नाही. आधी लायन म्हणतो की राष्ट्राध्यक्षांची सत्ता लोकांच्या सुखासाठी झटताना दिसेल तेव्हा तिला माझा मनापासून पाठिंबा राहील. मग: ‘पण जेव्हा केव्हा मला असे दिसेल की…’, त्यापुढे वरचे शब्द, त्यापुढे लायक माणसे केवळ स्वतंत्र मतांसाठी पदावरून काढली जाताना दिसतील तर, आणि शेवटी: ‘तेव्हा मी त्यांचा नम्र वकील होणार नाही.’

सगळे वाक्य ‘जेव्हा–तेव्हा’चे आहे, क्रियापद भविष्यकाळी आहे. अर्थात, वाचणाऱ्याला रोख कळत होताच; लायन काही भोळा नव्हता. तरीही, अट घालून बोललेले वाक्य आणि विधान करून बोललेले वाक्य यांची सजा एक कशी असू शकते? मी साक्षीदारांच्या जबान्या भाषांतरित करताना ‘जर’ गाळला असता तर माझी नोकरी गेली असती.

इंग्रजी वाक्याची लांबी मराठीत पेलेना. तीनदा तोडले, तीनदा जोडले. शेवटी ‘जेव्हा केव्हा मला असे दिसेल’ वर ठेवून पुढचे सगळे त्याच्या पोटात घेतले. ‘पॉम्प’ला बडेजाव, थाटमाट, डामडौल असे तीन पर्याय होते. थाटमाट लग्नात चांगला दिसतो. बडेजाव माणसाच्या बोलण्यात असतो. डामडौलात घोडे, नोकर, मिरवणूक येते. डामडौलच.

१ जुलै

आजपासून भारतीय न्याय संहिता लागू. १८७० मध्ये दंड संहितेत आलेले राजद्रोहाचे कलम १२४-अ आता नव्या गुन्ह्यांना लागणार नाही. त्याच्या जागी १५२ वे कलम आहे आणि त्याच्या मजकुरात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. माझ्या शब्दकोशाच्या समासात पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली. पुस्तिकेत हे येणार नाही, तिथे लायनचा विषय आहे. पण आज काम करताना हात थोडा थांबला खरा.

४ जुलै

शेवटचे पान आधी लिहिले, आजची तारीख पाहून.

४ जुलै १८४० ला काँग्रेसने खास कायदा करून लायनचा दंड आणि खटल्याचा खर्च मिळून १०६०.९६ डॉलर व्याजासह त्याच्या वारसांना परत दिले. तो स्वतः तोपर्यंत १८ वर्षांपूर्वी गेला होता. त्याने जिवंतपणी अर्ज केला होता, तो फळाला आला नव्हता. सेडिशन कायदा घटनाबाह्य होता, हे परताव्यामागचे कारण. कोणत्याही न्यायालयाने तेव्हा तसे ठरवले नव्हते. १९६४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रस्वातंत्र्यावर निकाल देताना या परताव्याचा दाखला घेतला. ९६ सेंटसुद्धा सोडले नाहीत, हे मला फार आवडले. हिशेब चुकता करायचा तर असा.

७ जुलै

खटला. या प्रकरणासाठी सात पाने ठेवली आहेत आणि आज सलग नऊ तास बसले.

ऑक्टोबर १७९८, रटलंड. संघीय सर्किट न्यायालय, न्यायाधीश विल्यम पॅटरसन, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि ज्यांनी घटनेवर सही केली त्यांच्यापैकी एक. आरोप तीन: स्वतःचे पत्र छापून आणणे, कवी जोएल बार्लो यांनी फ्रान्सहून लिहिलेले पत्र प्रसिद्ध करणे, आणि त्याच्या प्रसिद्धीला मदत करणे. बार्लोच्या पत्रात राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाला धाकदपटशाचे म्हटले होते आणि सभागृहांनी उत्तर म्हणून त्यांना वेड्यांच्या इस्पितळात का पाठवले नाही, असा प्रश्न होता. हे पत्र बार्लोचे; लायन ते मतदारांसमोर वाचून दाखवत असे.

लायनने स्वतःच बाजू मांडली. तीन मुद्दे: कायदा घटनेविरुद्ध असल्याने न्यायालयाला अधिकार नाही, प्रसिद्धीत वाईट हेतू नव्हता, मजकूर खरा आहे. आणि तिसरा मुद्दा सिद्ध करायला त्याने समोर बसलेल्या न्यायाधीशांनाच साक्षीदार करून प्रश्न विचारला. आपण राष्ट्राध्यक्षांकडे जेवायला गेला आहात ना? तिथला डामडौल पाहिला ना? पॅटरसन म्हणाले, क्वचित गेलो आहे, पण डामडौल दिसला नाही, उलट बराच साधेपणा दिसला. लायनने पुढे विचारले: रटलंडच्या खाणावळीत दिसतात त्यापेक्षा तिथे नोकरचाकर, थाट जास्त नव्हता का?

या प्रश्नाला उत्तर दिले गेले नाही, अशी नोंद आहे.

इतकी वर्षे कोर्टात बसून मी आरोपीच्या पिंजऱ्यातून आलेले पुष्कळ प्रश्न ऐकले. बहुतेक रडवेले असतात, काही उर्मट. हा प्रश्न दोन्ही नाही. जो कधी बैलजोडीच्या बदल्यात गेला होता, तो घटनेवर सही करणाऱ्याला विचारतो आहे, आणि मोजमाप म्हणून पुढे करतो आहे ती दोघांनाही माहीत असलेली गावातली खाणावळ. मी हा संवाद पुस्तिकेत पूर्ण पान देऊन छापणार आहे.

ज्युरी तासाभरात परतली. दोषी. न्यायाधीशांनी सुनावले की तू स्वतः कायदेमंडळाचा सदस्य, शासनाच्या निरंकुश निंदेतून काय अनर्थ होतो हे तुला तरी ठाऊक असायला हवे. चार महिने कैद, १००० डॉलर दंड, ६०.९६ डॉलर खर्च, आणि दंड भरेपर्यंत सुटका नाही. या कायद्याखाली शिक्षा झालेला हा पहिला माणूस.

१४ जुलै

चरित्रकोशाप्रमाणे आज लायनचा जन्मदिवस. कायद्यावर सही झाली तीही १४ जुलैला. ४९ वर्षांचा झाला त्याच दिवशी. कालपट्टीत दोन्ही एकाखाली एक टाकले.

१९ जुलै

व्हर्जेनचा तुरुंग.

रटलंडलाही तुरुंग होता, पण मार्शलने, म्हणजे संघीय न्यायालयाच्या हुकमांची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने, त्याला सुमारे ७० किलोमीटर उत्तरेला व्हर्जेनला नेले. तिथून लायनने व्हर्जिनियाचे सेनेटर स्टीव्हन्स मेसन यांना लिहिले. कोठडी १६ फूट लांब, १२ फूट रुंद. घोडेचोर, खोटी नाणी पाडणारे, पळून आलेले गुलाम यांना ठेवायची. एका कोपऱ्यात शौचकूप. त्याचा वास ऑगस्टमधल्या फिलाडेल्फियाच्या धक्क्यासारखा. खिडकीला काच नाही, ऊब नाही, आणि व्हरमाँटचा हिवाळा सुरू होत होता.

मी टेप घेऊन माझी बैठकीची खोली मोजली. १४ बाय ११. त्याच्या कोठडीहून लहान. पण माझ्या खोलीला दोन खिडक्या आहेत आणि दार मी आतून लावते.

गावोगावचे लोक तुरुंग फोडायला तयार होते. लायनने त्यांना परत पाठवले. मतदानानेच उत्तर द्या, असे त्याचे म्हणणे. थुंकणाऱ्या लायनच्या चित्रासमोर मला हा लायन ठेवायचा आहे.

२३ जुलै

सप्टेंबर १७९८ च्या निवडणुकीत कोणालाच निर्विवाद बहुमत मिळाले नव्हते, त्यामुळे डिसेंबरमध्ये फेरनिवडणूक झाली. उमेदवार कोठडीत. प्रतिस्पर्ध्याच्या जवळजवळ दुप्पट मते लायनला मिळाली.

माफीसाठी हजारो सह्यांचा अर्ज घेऊन रेव्हरंड जॉन ऑग्डेन फिलाडेल्फियाला गेले. अ‍ॅडम्स यांनी नाकारला: माफीच्या आधी पश्चात्ताप हवा. लायनने पश्चात्ताप केला नाही. दंडाचे पैसे जमवण्यासाठी सोडत काढली गेली. तिची जाहिरात छापली म्हणून बेनिंग्टनचे संपादक अँथनी हॅसवेल यांच्यावर खटला झाला आणि त्यांनाही दोन महिने कैद झाली. जेफरसन, मॅडिसन यांनी पैसे दिले, मेसन सोन्याची नाणी घेऊन आले. ९ फेब्रुवारी १७९९ ला लायन बाहेर पडला आणि उंबऱ्यातच मोठ्याने म्हणाला, मी फिलाडेल्फियाला निघालो आहे. अधिवेशनाला जाणाऱ्या सदस्याला अटक करता येत नाही. नवे वॉरंट निघण्याआधी हे शब्द साक्षीदारांसमोर उच्चारणे गरजेचे होते. कायदा त्याला पक्का ठाऊक होता.

२८ जुलै

फेब्रुवारी १८०१. राष्ट्राध्यक्षपदासाठी जेफरसन आणि एरन बर यांना निर्वाचकांची सारखी मते पडली, निवड प्रतिनिधिगृहाकडे आली. १६ राज्ये, प्रत्येकाला एक मत, लागत होती ९. जेफरसनकडे ८. व्हरमाँटचे दोन सदस्य, लायन आणि फेडरलिस्ट लुइस मॉरिस, यांचे एकमत होईना, म्हणून व्हरमाँटचे मत कोरे. ३५ फेऱ्या अशा गेल्या. १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीला मॉरिस गैरहजर राहिले आणि लायनने एकट्याने व्हरमाँटचे मत जेफरसनला दिले. मेरीलँडचा तिढाही त्याच फेरीत सुटला. जेफरसन दहा राज्यांनी निवडून आले.

शिरस्तेदारांना हे प्रकरण सर्वांत आवडले. मला वाटते, याचे मोठे श्रेय मॉरिसच्या रिकाम्या खुर्चीला आहे. म्हणून दीड पान, जास्त नाही.

१ ऑगस्ट

लायन १ ऑगस्ट १८२२ ला वारला. आज लोकमान्यांची पुण्यतिथी, १ ऑगस्ट १९२०. तारखांचा योगायोग पुस्तिकेत घालणार नाही, पण आज एक गोष्ट पुन्हा वाचून काढली. १९०८ च्या मुंबईतल्या खटल्यात ‘केसरी’तल्या मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरे पुरावा म्हणून आली. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि आपल्या शब्दांचा अर्थ कुठे कुठे बदलला हे दाखवत राहिले. ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षे आणि १००० रुपये दंड. माझ्याच पेशातल्या माणसाचे ते काम होते. त्या पानांवरून मला कधीच सहज पुढे जाता आलेले नाही.

लायनची शेवटची वर्षे लिहिली. १८०१ मध्ये तो केंटकीला गेला, एडीव्हिल इथे, कंबरलंड नदीकाठी. तिथून १८०३ ते १८११ पुन्हा काँग्रेसमध्ये. १८१२ मध्ये इंग्लंडशी सुरू झालेल्या युद्धात सरकारसाठी नौका बांधल्या आणि त्यात बुडाला. १८२० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आर्कान्सा प्रदेशात चेरोकी लोकांशी व्यापार करणाऱ्या सरकारी वखारीचा प्रमुख म्हणून नेमणूक घेतली आणि तिथेही काँग्रेसची निवडणूक लढवली, थोडक्यात हरला. स्पाड्रा ब्लफ इथे मृत्यू. १८३३ मध्ये अवशेष एडीव्हिलला आणून पुरले. मुलगा चिटेंडन लायन हाही केंटकीतून काँग्रेसमध्ये गेला. तिथला लायन परगणा मुलाच्या नावाचा आहे, बापाच्या नव्हे.

९ ऑगस्ट

पहिले प्रूफ आले. जुळणी सुबक आहे. मारामारीचे व्यंगचित्र मात्र मुखपृष्ठावर पूर्ण पान पसरले होते. आत १३ व्या पानावर, चतुर्थांश आकारात घ्यायला सांगितले. मुखपृष्ठावर फक्त नाव आणि साल.

१२ ऑगस्ट

दुसरे प्रूफ. मलपृष्ठावर पत्रातले वाक्य चौकटीत आहे. वाचताना काहीतरी खटकले. मूळ कागदाशी ताडून पाहिले. चौकटीत एक ओळ जास्त होत होती म्हणून डीटीपी करणाऱ्या मुलाने सुरुवातीचे ‘जेव्हा केव्हा मला असे दिसेल की’ काढून टाकले होते. वाक्य ‘लोकहिताचा प्रत्येक विचार’ पासून सुरू होत होते.

छापखान्यात गेले. तो म्हणाला, “मावशी, अर्थ तोच राहतो ना? जागा बसत नव्हती.” त्याला खुर्ची ओढायला सांगितली आणि सातव्या प्रकरणाची पाने उघडून दिली. त्याने खाणावळीच्या प्रश्नापर्यंत वाचले. मग काही न बोलता चौकट उघडली, अक्षर दोन पॉइंटांनी लहान केले आणि सहा शब्द परत टाकले.

तिसरे प्रूफ शुक्रवारी.